सांताक्रूझ: आईबाबांना घेऊन दोन दिवस. काय बघावं, काय सोडावं?

मधुरा_सनीवेल

नमस्कार मंडळी,

आईबाबा सांगलीहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात आलेत, नोव्हेंबरात परत जातील. त्याआधी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सांताक्रूझला एक रात्र राहून यायचं ठरतंय. (बाबांचा पहिला प्रश्न, "म्हणजे विमानतळाजवळ का?")

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काठी घेऊन सपाटीवर आरामात चालतात, पण चढ आणि वाळू नको म्हणतात. आईचे पाय ठणठणीत, मात्र घाटात तिला गाडी लागते. लेक नऊ वर्षांचा, त्याला सर्फिंग 'करायचंय'. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे नुसतं "बघा किती सुंदर" एवढ्यावर त्यांचं भागत नाही, पुढे "हे कोणी बांधलं, कधी बांधलं" येतंच.

नेटवर 'टॉप टेन' याद्या भरपूर आहेत, पण त्या सगळ्या तिशीतल्या जोडप्यांसाठी लिहिलेल्या वाटतात. कोणी म्हातारी माणसं आणि लहान पोर एकत्र घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा. आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही.

फ्रीमाँटकर

बोर्डवॉक (समुद्रकाठचं राइड्सचं पार्क). विषय संपला. पोरगं तिथून हलणार नाही. आत जायला पैसे लागत नाहीत, फक्त राइड्सचे लागतात, म्हणजे आजीआजोबा फुकट फिरतील. सीझन संपल्यावर राइड्स बहुतेक शनिवार-रविवारीच चालू असतात, तेवढं बघून जा.

आणि ते फुलपाखरांचं पार्क म्हणून जे सांगतात तिकडे वेळ घालवू नका. आम्ही गेलो होतो तेव्हा झाडं बघून परत आलो.

डोंगरपलीकडची

मधुरा, लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बस. आम्ही स्कॉट्स व्हॅलीत राहतो, हायवे १७ चा घाट उतरून समुद्र यायच्या जरा अलीकडे. कोणाकडेही भारतातून पाहुणे आले की त्यांना सांताक्रूझ दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे येतं, आणि त्यातही गुडघेदुखी या विषयात माझा अभ्यास दांडगा आहे.

आधी पाण्यात जायचा विचार डोक्यातून काढ. मी वेंगुर्ल्याची. समुद्र दिसला की साडी उचलून गुडघाभर पाण्यात उभं राहायचं हे आमच्या हाडात आहे. इथे ते जमत नाही. ऑक्टोबरातही पाणी साधारण १४-१५ अंशांचं असतं, दोन मिनिटांत पाय बधिर. वारा किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं, म्हणून ही अवस्था. उन्हाळ्यात इथे दुपारपर्यंत धुकं बसतं तेही या गार पाण्यापायीच. जुलैत चड्डी-टीशर्टवर आलेली मंडळी दुकानात स्वेटर घेताना दिसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात मात्र आकाश मोकळं असतं. तुझी तारीख एकदम बरोबर आहे.

तर हे गाव कडेला उभं राहून बघायचं आहे. त्यासाठी वेस्ट क्लिफ ड्राइव्हसारखी जागा नाही. वार्फपासून (समुद्रात गेलेला लाकडी धक्का) नॅचरल ब्रिजेसपर्यंत (तेच फुलपाखरांचं पार्क) समुद्राच्या कड्यावरून अडीच-तीन मैलांचा डांबरी पादचारी रस्ता आहे, बहुतेक सपाट, मध्ये मध्ये बाकं. २०२३ च्या जानेवारीतल्या वादळांनी कड्याचे लचके तोडले, काही ठिकाणी रस्त्याची अर्धी बाजू गेली होती, त्यामुळे कुठे कुंपण दिसलं तर निमूट आतून जायचं. सगळा रस्ता चालायची काही गरज नाही. लाइटहाउस पॉइंटला गाडी लाव आणि बाबांना रेलिंगजवळ बसव.

तिथे समोर जी लाट फुटते तिचं नाव स्टीमर लेन. सर्फिंगच्या जगात हे मोठं नाव आहे. पण मला त्याची गंमत वेगळ्या कारणाने वाटते. एरवी किनाऱ्यावरून सर्फिंग बघायचं म्हणजे लांबवर काळे ठिपके. इथे जमिनीचं टोकच समुद्रात घुसलंय आणि लाट त्याच्या अंगाला घासत फुटत जाते. त्यामुळे सर्फर अगदी तुमच्या पायाखालून जातो, त्याचा चेहरा दिसतो, दुसरा मध्ये घुसला तर दिलेली शिवीसुद्धा ऐकू येते. पाण्यात उतरायची पद्धत तर बघण्यासारखी. टोकाच्या खडकावर फळी काखेत मारून उभे राहतात, एक लाट जाऊ देतात, दुसरी जाऊ देतात, मग पाणी खडकाला टेकून फुगलं की त्या क्षणी फळीसकट उडी. उशीर झाला तर खाली नुसता खडक. मुलगा तासभर गप्प बसेल. बाबाही बसतील, कारण थोड्या वेळाने कोण कच्चा, कोण पक्का हे आपल्यालाही कळायला लागतं आणि क्रिकेटसारखी कॉमेंट्री सुरू होते.

तिथल्याच विटांच्या छोट्या दीपगृहात सर्फिंगचं संग्रहालय आहे, १९८६ पासून. दोनच खोल्यांएवढं असेल. हे दीपगृह १९६७ मध्ये एका जोडप्याने बांधून दिलं, त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा इथल्याच समुद्रात सर्फिंग करताना बुडाला होता, त्याच्या आठवणीसाठी. बाबांना इतिहास हवा ना? मग १८८५ ची गोष्ट सांग. हवाईच्या राजघराण्यातले तीन भाऊ, डेव्हिड कावानानाकोआ, एडवर्ड केलिइआहोनुइ आणि जोना कुहिओ, शिकायला सॅन मटेओच्या लष्करी शाळेत होते. सुट्टीत ते सांताक्रूझला आले, इथल्या रेडवुडच्या लाकडाच्या फळ्या करून घेतल्या आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर उभे राहिले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंग झाल्याची ही सगळ्यात जुनी नोंद. ते मुख म्हणजे बोर्डवॉकचं पूर्वेचं टोक, फ्रीमाँटकरांच्या त्या राइड्सच्या शेजारीच. बाबांना बोर्डवॉकवर जायला निमित्त झालं.

आता रेडवुडवरून. तुमचा पहिला मुक्काम समुद्र नव्हे, जंगल असू दे. हायवे १७ वरून स्कॉट्स व्हॅलीला माउंट हर्मन रोडला उतरायचं, फेल्टनला जायचं, तिथे हेन्री काउल रेडवुड्स स्टेट पार्क. आईला घाट लागतो म्हणालीस, तर ही वाटेतली विश्रांतीही होते. (पुढच्या सीटवर बसव, आवळासुपारी दे आणि नवऱ्याला उजव्या लेनमध्ये ठेव. १७ वर वळणं आहेत आणि थांबायला जागा जवळजवळ नाही.) पार्कात रेडवुड ग्रोव्ह नावाची पाऊण मैलाची गोल वाट आहे. सपाट, व्हीलचेअरही जाते. सगळ्यात उंच झाड पावणेतीनशे फुटांच्या आसपास. मान मोडते बघताना. आम्ही पाहुण्यांना जळून आतून पोकळ झालेल्या झाडात उभं करतो, आतमध्ये सहज दहा माणसं मावतात. डोळे अंधाराला सरावले की बुंध्याच्या आतला कोळसा झालेला भाग दिसतो, आणि बाहेर येऊन वर बघावं तर झाड हिरवंगार.

आईला खाली बघायला सांग. झाडांच्या बुंध्यांशी तीन-तीन पानांचं गवत दिसेल, हुबेहूब आपली आंबुशी, आणि आहेही त्याच कुळातली. पानांवर थेट ऊन पडलं की ती काही मिनिटांत छत्रीसारखी मिटतात, सावली आली की परत उघडतात. माझी आई ते बघत एवढा वेळ उभी राहिली की मागून आलेला रेंजर विचारायला लागला, काही हवंय का.

हा राखलेला भाग शिल्लक राहिला तो एका कुटुंबाने १८६७ मध्ये तो विकत घेऊन हॉटेल काढलं म्हणून. बाकी आजूबाजूचं बरंच जंगल चुन्याच्या भट्ट्यांत जळालं. हेन्री काउल हा चुन्याचाच व्यापारी होता, नंतर त्याच्या वंशजांनी जमीन सरकारला दिली. पुढची गोष्ट मजेची आहे. १९०० च्या सुमारास अँड्र्यू हिल नावाचा फोटोग्राफर इथे झाडांचे फोटो काढायला आला, तर मालक म्हणाला खाजगी जागा आहे, फोटोच्या निगेटिव्हच्या काचा इथेच ठेव. तो इतका भडकला की झाडं लोकांच्या मालकीची झाली पाहिजेत म्हणून चळवळच उभी केली, आणि त्यातून १९०२ मध्ये बिग बेसिन हे कॅलिफोर्नियाचं पहिलं टिकलेलं स्टेट पार्क झालं. त्या बिग बेसिनचा मोठा भाग २०२० च्या वणव्यात होरपळला. आता थोडं उघडलंय, झाडं पुन्हा फुटताहेत, पण पार्किंग आधी ठरवून ठेवलेलं बरं आणि रस्ता फार वळणाचा. या खेपेला सोडा.

फुलपाखरांबद्दल फ्रीमाँटकरांशी माझं जमणार नाही. नॅचरल ब्रिजेसला मोनार्क जातीची ही फुलपाखरं साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून येतात आणि फेब्रुवारीपर्यंत राहतात. त्यांची संख्या पूर्वीपेक्षा खूप घटलीय हे खरं, त्यामुळे एखाद्या वर्षी हाती फार लागत नाही. पण वेळही चुकते लोकांची. तेरा अंशांखाली त्यांना उडता येत नाही. सकाळी ती निलगिरीच्या फांद्यांना घड करून लटकलेली असतात, पंख मिटलेले, बाहेरची बाजू फिक्या तपकिरी रंगाची. वाळलेला पाला समजून माणूस पुढे जातो. एका घडावर नजर लावून उभं राहायचं, ऊन तिथपर्यंत आलं की एक पंख उघडतो, मग शेजारचा, आणि मग अख्खा पाला नारिंगी होतो. दुर्बीण असेल तर ने. तिथपर्यंत लाकडी फळ्यांची उताराची वाट आहे, बाबांना चालेल, येताना जरा चढ लागेल तेवढा हात द्या. आणि हो, यांच्या अळ्या खातात ती झाडं मारुतीला वाहतो त्या रुईच्या कुळातली. आपल्याकडे रुईवर फिरणारं नारिंगी फुलपाखरू यांच्याच भाऊबंदांपैकी.

त्याच पार्कात खाली समुद्रात खडकाची कमान आहे. पूर्वी तीन होत्या, एक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेली, दुसरी १९८० च्या वादळात, आता एकच राहिलीय. ओहोटी असेल तर नवऱ्याने मुलाला खडकांवर न्यावं, डबक्यांत समुद्रफुलं आणि शंखातले खेकडे दिसतात. हात लावायचा नाही, उचलायचं नाही, आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. इथे मध्येच एखादी लाट बाकीच्यांच्या दुप्पट येते.

बाकी थोडक्यात. मिस्टरी स्पॉट सोडा, चढ आहे आणि तिरक्या झोपडीसाठी एवढा खटाटोप मला पोरकट वाटतो. आन्यो नुएवोचे एलिफंट सील बघायला लोक जातात, पण त्यांचा खरा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत आणि वाट तीन मैलांची, बरीचशी वाळूतून. कॅपिटोलाला रंगीत घरं आहेत, पाऊण तास पुरे.

मधुरा_सनीवेल

बापरे, ताई! प्रिंट काढून बाबांनाच देते, ते रात्रीत पाठ करतील. तीन राजपुत्रांची गोष्ट फोनवर वाचून दाखवली, लगेच विचारलं, "फळ्या किती लांब होत्या?"

दोन शंका. लेकाच्या सर्फिंगचं काय? पोहता येतं त्याला, पण तलावात. आणि आईच्या जेवणाचं?

लाटवेडा

सर्फिंगचं मी सांगतो, शनिवार-रविवार माझा तिथेच जातो.

बाबांना सांगा, त्या फळ्या पंधरा फुटांच्या वर होत्या आणि वजन एका माणसाला उचलायला जड. संग्रहालयात जुन्या लाकडी फळ्या ठेवल्यात, शेजारी उभं राहून अंदाज येईल.

मुलाला काउल्स बीचवर न्या, वार्फला लागून पश्चिमेला. स्टीमर लेनवर भलीमोठी लाट असते तेव्हाही टोकाच्या आडोशामुळे काउल्सवर ती येईपर्यंत शांत आणि लांबलचक होते. नवशिक्यांसाठी यापेक्षा सोयीची लाट मी पाहिली नाही. ओहोटीच्या बाजूची वेळ घ्या, भरतीला लाट तिथे मरते. शिकवणाऱ्या शाळा वेटसूट (गार पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख) आणि मऊ फोमचा बोर्ड देतात, लहान मुलांसाठी एकाला एक शिक्षक मागा. आधीच बुक करा, शनिवारी ऐनवेळी मिळत नाही. चार-तीन जाडीचा (अंगाला चार मिलिमीटर, हातापायांना तीन) सूट असला तर मुलगा दीड तास पाण्यात टिकेल, नाहीतर वीस मिनिटांत ओठ निळे. घट्ट असला पाहिजे, ढगळ सूटमध्ये गार पाणी आत-बाहेर खेळत राहतं आणि काही उपयोग नाही. आणि सूट घालायच्या आधी शू करून आणा. हे गंमतीने नाही सांगत.

या वेटसूटच्या धंद्याचं मोठं नाव जॅक ओ'नील, त्याने १९५९ मध्ये दुकान सॅन फ्रान्सिस्कोहून इथे आणलं. १९७१ मध्ये पायाला बोर्ड बांधायच्या दोरीचा प्रयोग चालू असताना ताणलेल्या दोरीने बोर्ड उलटा येऊन आदळला आणि एक डोळा गेला. नंतर डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला त्याचा चेहराच कंपनीची ओळख झाला. हल्ली दोऱ्या तेवढ्या ताणत नाहीत, आईला काळजी नको.

आणि घरातल्या कोणीही उत्साहात स्टीमर लेनला बोर्ड घेऊन उतरायचं नाही. तिथे रांगेचे नियम कडक आहेत आणि नवख्याला लोक ऐकवतात.

फ्रीमाँटकर

बरं बाबा, फुलपाखरं दुपारी एकला बघायला गेलो होतो. वारा होता. पुन्हा जाईन सकाळी. पण बोर्डवॉकवरचं १९११ चं मेरी-गो-राउंड सोडू नका. बाहेरच्या घोड्यावर बसलं की फिरता फिरता एका नळीतून कडं ओढून घ्यायचं आणि समोरच्या विदूषकाच्या तोंडात फेकायचं. बसलं की दिवे लागतात. आमच्या सासूबाईंनी नेम धरून मारलं, पोरांचं एकही लागलं नाही. जायंट डिपर हा लाकडी रोलर कोस्टर १९२४ चा आहे, आजोबांना खालून बघू दे, नुसता खडखडाट ऐकूनच पैसे वसूल.

डोंगरपलीकडची

मधुरा, जेवणाचं सोपं आहे, घरून ने. दशम्या, चटणी, दही. नॅचरल ब्रिजेसला निलगिरीखाली पिकनिकची टेबलं आहेत, पार्किंगपासून लांब नाही. गावात शाकाहारी भरपूर मिळतं, विद्यापीठाचं गाव आहे, पण आईला "यात अंडं आहे का" हे तीनदा विचारून खाण्यात मजा येत नाही हे मला माहितीय. वार्फवर सगळं माशांचं, वास येईल. तरी वार्फवर दहा मिनिटं चक्कर मारा, खालच्या खांबांच्या आडव्या लाकडांवर सी लायन पसरलेले असतात आणि त्यांचं भुंकणं आधी ऐकू येतं, मग ते दिसतात. वार्फ १९१४ चा. २०२४ च्या डिसेंबरात टोकाचा तुकडा वादळात तुटला आणि त्यावरची स्वच्छतागृहाची अख्खी इमारत तरंगत नदीच्या मुखाशी जाऊन लागली. बाबांच्या राजपुत्रांच्याच जागी!

क्रम असा लाव. शनिवारी सकाळी आठला निघून जंगल, तिथून ग्रॅहम हिल रोडने खाली उतरा. हायवे ९ घेऊ नका, वळणं जास्त आहेत. दुपारी बोर्डवॉक, पाचच्या सुमाराला लाइटहाउस पॉइंट. सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो आणि पाण्यातच बुडतो. तिथे गाडी लावायला जागा थोडी आहे, नवऱ्याने तुम्हाला उतरवून जागा शोधत बसावं. स्वच्छतागृह रस्त्यापलीकडे मैदानाच्या बाजूला आहे. रविवारी सकाळी फुलपाखरं, मग मुलाची शिकवणी ओहोटी बघून.

मधुरा_सनीवेल

ठरलं. दशम्या आईच करणार म्हणतेय. येताना हायवे १ ने हाफ मून बेवरून यावं का? आईला घाट टळेल आणि समुद्रही दिसेल.

डोंगरपलीकडची

एरवी हो म्हटलं असतं. हायवे १ वर डेव्हनपोर्टच्या अलीकडचा तो शार्कच्या पाठीवरच्या पंखासारखा खडक वरून बघायलाही छान आहे. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी नाही. हॅलोविनचे भोपळे घ्यायला अख्खा बे एरिया हाफ मून बेला लोटतो, आणि तिथून परत आत येणाऱ्या हायवे ९२ वर गाडी पुढे सरकत नाही. ९२ लाही वळणं आहेतच, आणि थांबत-थांबत वळणं आईला १७ पेक्षा वाईट. डेव्हनपोर्टपर्यंत जाऊन मागे फिरा आणि १७ ने दोनच्या आत निघा. ते जमलं नाही तर सात वाजेपर्यंत निघूच नका, माझ्याकडे चहाला या. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवते.